अकराचं ऊन

"शालन, ऊठ की गं, घोटभर पाणी दे," हौसाक्का दारातूनच म्हणाली, आणि मला उठता येईना.

मी खाली पाटाशी बसले होते. पुढ्यात दिव्याची ज्योत, हातात फुंकणी आणि पैंजणाच्या बारीक कड्यांचा ढीग. फुंकणी बाजूला ठेवून मी एका हातानं भिंत धरली, दुसरा गुडघ्यावर टेकला आणि जोर केला. कमरेखालचं माझं काही ऐकेचना. मांड्यांत बळच नव्हतं आणि हाडं आतून अशी ठणकत होती की डोळ्यांत पाणी आलं.

आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, चटकन आतून तांब्या घेऊन आल्या. "पाय मुरगाळलाय तिचा. परवा न्हाणीत घसरली."

हौसाक्का पाणी प्यायली, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "दोन्ही मुरगाळले व्हय?"

"व्हय," आत्ती म्हणाल्या. खोटं बोलायला त्यांना विचार करावा लागत नसे.

हौसाक्का समोरच्या घरातली. तिचा मुलगा विलास पैंजण विकायला आग्र्याला असायचा आणि ती एकटीच राहायची. एरवी आठवड्यातून एखादी चक्कर असायची तिची, पण त्या दिवाळीपासून ती दिवसातून दोनदा येऊ लागली होती. कधी विरजण मागायला, कधी उगीच. आली की बोलायची कमी आणि माझ्याकडं बघायची जास्त. मला तिचा राग यायचा आणि त्याहून जास्त भीती वाटायची.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट, हुपरीतली. आमच्याकडं घरोघर चांदीचं काम. वाऱ्यानं ज्योत हलते आणि चांदीचा कीस उडतो, म्हणून कामाच्या खोलीची खिडकी कायम बंद. झाडलेला केरसुद्धा कोणी बाहेर टाकत नाही, त्यात चांदी असते. सकाळी आठला पाटावर बसायचं आणि दिवेलागणीला उठायचं. गल्लीतल्या सगळ्या बायका अशाच बसायच्या. पण त्या निदान नळाला जायच्या, बाजारात जायच्या. मी तेवढंही जात नव्हते, कारण मला एचआयव्ही होता आणि आत्तींच्या मते माझं तोंड लोकांना जितकं कमी दिसेल तितकं बरं.

माझा नवरा मारुती आग्र्याला पैंजण विकायचा. तिथून तो हा आजार घेऊन आला आणि मागच्या खोलीत आठ महिने झिजून गेला. आधी त्याचे पाय गेले. गल्लीला आम्ही कावीळ सांगितली. मग माझं रक्त तपासलं. तेव्हापासून चार वर्षं मी कोल्हापूरच्या सरकारी केंद्रातून गोळ्या आणत होते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी तोंडावर पदर घेऊन बाहेर पडायची आणि गल्लीला सांगायची, वाडीला दत्ताला चाललेय. भक्तीच्या बाबतीत माझं फार चांगलं नाव झालं होतं.

गोळ्यांची बाटली घरी आली की आत्ती तिच्यावरचा कागद खरवडून काढायच्या. बाटली वाजू नये म्हणून आत कापूस कोंबायच्या आणि तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायच्या. कळलं तर मालक चांदी देणार नाही, नळावर कोणी घागर लावू देणार नाही, हे त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं.

पायांचं दुखणं उन्हाळ्यात सुरू झालं होतं. श्रावणातल्या सोमवारी मी केंद्रातल्या मुजावर डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी नडगीवर अंगठा दाबला तेव्हा मी ओरडलेच.

"ताई, अंगाला ऊन किती लागतं?" त्यांनी विचारलं.

"ऊन? ते कुठलं घरात."

त्यांनी रक्त काढून पाठवलं. ड जीवनसत्त्व निदान तीसच्या आसपास हवं, माझं सात होतं. त्यांनी पावडरीच्या आठ पुड्या दिल्या. आठवड्याला एक, दुधातून. शिवाय रोज अर्धा तास उन्हात बसायचं. उन्हाचं मी कानाआड केलं, पुड्या घरी आणल्या.

दिवाळी होऊन गेली तरी फरक नव्हता. उलट वाढलंच. त्या दिवशी हौसाक्का गेल्यावर मी भिंतीला धरून, रांगत, कशीबशी उभी राहिले आणि मनात पक्कं बसलं की माझंही मारुतीसारखंच चाललंय. नाहीतर ह्या गोळ्याच माझी हाडं खातायत. केंद्रातल्या बाकावर शेजारच्या बाईकडून मी तसं ऐकलंही होतं. झिजून मरायचं तर निदान चालत तरी मरू, असं काहीतरी डोक्यात आलं आणि मी गोळ्या बंद केल्या. आत्तींना सांगितलं नाही. रोजची गोळी कापसाखाली परत सरकवून ठेवायची. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी पहिला सोमवार होता. सवयीनं मी केंद्रात गेले. मुजावर डॉक्टरांनी बाटलीतल्या गोळ्या मोजल्या, परत मोजल्या.

"नऊ जास्त आहेत."

मी म्हटलं, "हाडं खातात तुमच्या गोळ्या. मारुतीचेही आधी पायच गेले."

डॉक्टर फार शांत माणूस. पण त्या दिवशी त्यांनी पेन टेबलावर टाकलं. "मारुतीनं एक तरी गोळी घेतली होती का?"

"न्हाई."

"मग तो गोळीनं गेला की गोळीविना?" पेन परत उचलून ते म्हणाले, "गोळीचा हाडांवर थोडा परिणाम होतो, ते मी नाकारत नाही. गरज पडली तर बदलू. म्हणून तर वरून ड जीवनसत्त्व दिलं. गोळी सोडायची नाही, हाडांना जे कमी पडतंय ते भरायचं. आठ पुड्या संपल्या ना?"

"न्हाई. डबीत अजून हायेत निम्म्या."

"डबीत?"

मग मला सगळं सांगावं लागलं. केंद्रातनं आलेलं सगळं लपवायचं, हा आत्तींचा नियम. त्यांनी आठही पुड्या फोडल्या, वेष्टनं चुलीत घातली आणि पावडर स्टीलच्या डबीत भरली. पावसाळी हवेत तिचा खडा झाला. गरम पडेल म्हणून आत्ती दर आठवड्याला त्यातली चिमूटभर खरवडून माझ्या दुधात टाकायच्या.

डॉक्टर आधी हसले. मग हसू गेलं.

"ताई, ही पुडी कशाला लपवली? ही मी घेतो. माझी बायको घेते. बाहेर औषधाच्या दुकानात कुणीही चिठ्ठी दाखवून घेतं. ह्यात लपवण्यासारखं काय आहे?"

त्यांनी नव्या आठ पुड्या माझ्या हातात ठेवल्या. परतीच्या एसटीत मी तेच घोळवत बसले. लपवायची सवय आम्हाला इतकी लागली होती की जे लपवायचं नव्हतं तेही लपवलं, आणि त्यापायी मी मरायला निघाले होते. मला रडू आलं नाही. मला राग आला. आत्तींचा आला, मारुतीचा आला आणि सगळ्यात जास्त माझा. त्या रागातच ठरवलं की गोळी एक दिवस चुकवायची नाही, पुडी पूर्ण घ्यायची आणि ऊनही घ्यायचं.

ऊन घेणं सगळ्यात अवघड निघालं. मागच्या परड्यात शेजारच्या पाटलांचा नवा मजला आडवा आलेला. ऊन यायचं ते पुढच्या ओट्यावर, अकरा ते साडेबारा, भर रस्त्यावर.

दुसऱ्या दिवशी अकराला मी पाटावरून उठायला लागले. भिंत, गुडघा, पुन्हा भिंत. आत्ती बघत होत्या.

"कुठं चाललीस?"

"ओट्यावर. उन्हाला."

"लोकं बघतील."

"बघू देत. माझी हाडं ठिसूळ झाल्यात. डाक्टरनं ऊन सांगितलंय."

"कोण डाक्टर म्हणून विचारलं तर?"

"तवाचं तवा बघू."

"शालन, चार वर्षं झाकलंय मी," आत्ती म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळं मला ते जास्त लागलं. "लेक गेला. आता तुझ्या हातचं काम गेलं तर आपण दोघी खायचं काय?"

"आणि माझे पायच गेले तर, आत्ती? काम कोण करणार?"

त्या आत निघून गेल्या. मी ओट्यावर जाऊन बसले. बाह्या वर सारल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढलं. विधवा बाई भर गल्लीत नडग्या उघड्या टाकून बसलीय, हे दृश्य हुपरीला नवीन होतं. पहिल्या दिवशी मला रस्त्याकडं बघवलं नाही. तोंडावर ऊन पडलं तेव्हा मात्र इतकं बरं वाटलं की मी तिथंच डोळे मिटून बसले.

तिसऱ्या दिवशी खालच्या घरातली शकू थांबली. "काय करायलीस गं?"

"ऊन खायलीय. ड जीवनसत्त्व कमी हाय. तीस पाहिजे, सात हाय."

हे बोलताना माझा आवाज मलाच मोठा वाटला. चार वर्षं मी माझ्या दुखण्याचं नाव कुणासमोर काढलं नव्हतं. हे एक असं दुखणं सापडलं होतं की ते चारचौघांत सांगता येत होतं. मी शकूला दोनदा सांगितलं, मजा वाटली म्हणून.

"माझीबी टाच अशीच ठणकती," शकू म्हणाली आणि पायरीवर टेकली.

पंधरा दिवसांत आमच्या ओट्यावर पाच-सहा बायका जमायला लागल्या. सगळ्यांचीच कंबर, सगळ्यांचेच गुडघे. सगळ्याच बंद खिडकीआड ज्योत फुंकणाऱ्या, त्यात नवल कसलं. शकू म्हणायची, "शालनच्या वट्यावर पापड वाळायला घातल्यात." आत्ती दाराआडून ऐकत राहायच्या. बाहेर यायच्या नाहीत, पण दर सोमवारी अख्खी पुडी दुधात घालून माझ्यासमोर ठेवू लागल्या. वेष्टनही चुलीत घालेनाशा झाल्या.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी मी पाटावरून उठले आणि दारापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की भिंत धरलीच नव्हती. परत जाऊन बसले, परत उठले. असं चार वेळा केलं. आत्ती म्हणाल्या, "खुळी झालीस का?" आणि डोळ्यांना पदर लावून चुलीकडं वळल्या.

हौसाक्काही ओट्यापाशी यायची, पण बसायची नाही. तिचे गुडघे दणकट होते. डोक्यावर एक नि कमरेवर एक अशा दोन घागरी घेऊन ती नळावरून झपझप यायची. ती खांबाला टेकून उभी राहायची आणि एकच धोशा लावायची.

"कुठला गं तुझा डाक्टर?"

"कोल्हापूरचा."

"कोल्हापुरात कुठं?"

"स्टँडच्या पलीकडं."

"नुसतं हाडांचंच बघतो, का दुसरं पण?" दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बोलायला बरा हाय का? रागावतो का?" त्याच्या पुढच्या दिवशी, "घरी येतो का गं बोलवलं तर?"

मी टोलवत राहिले. हिला वास लागलाय, हे मला कळून चुकलं होतं. दुखणं नसलेली बाई डॉक्टरचा पत्ता मागते ती कशासाठी? आत्ती रोज रात्री जेवताना म्हणायच्या, "म्हटलं हुतं तुला."

एके दिवशी बाकीच्या बायका उठून गेल्या आणि हौसाक्का खांबापाशीच राहिली. रस्त्यावर कोणी नव्हतं.

"शालन, डाक्टरचं नाव सांग. आठ दिस विचारतीय मी. मला पाहिजे."

स्टँडजवळ एका हाडांच्या डॉक्टरची मोठी पाटी होती. ते नाव माझ्या जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं की सुटले असते. पण मला खोटं सांगायचा कंटाळा आला होता. धैर्य वगैरे काही नव्हतं ते. वाडीचा दत्त, कावीळ, न्हाणीतलं घसरणं, ह्या सगळ्याचा मला अगदी जीव जाईस्तोवर कंटाळा आला होता.

"मुजावर डाक्टर," मी म्हटलं. "सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात, त्या केंद्रात असतात. मी चार वर्षं तिथनं गोळ्या घेते. मला हाय तो आजार. हाडांचं त्यांनीच बघितलं. झालं तुमचं समाधान, अक्का? आता जावा आणि सांगा गल्लीला."

हौसाक्काचा चेहरा एकदम उतरला. रस्ता ओलांडून ती घरात गेली आणि दार लावून घेतलं.

मागं आत्ती उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता बोलतील, पण त्या उंबऱ्यातच खाली बसल्या. तिथूनच म्हणाल्या, "उद्या भाईर बसू नको."

"बसणार."

दुसऱ्या दिवशी अकराला मी बाहेर गेले. एकही बाई येणार नाही अशी तयारी ठेवली होती. शकू आली, बाकीच्याही आल्या, पापडांचा तोच विनोद झाला. कुणाला काही कळलेलं नव्हतं. समोरचं दार मात्र बंद होतं. दुसऱ्या दिवशीही बंद, तिसऱ्या दिवशीही. ती कुणाकुणाला सांगायचं ते ठरवत असेल, असं मी धरून चालले.

चौथ्या दिवशी अकराच्या आधीच हौसाक्का आमच्या दारात आली. डोळे सुजलेले.

"शालन, माझ्या घरी चल. आत्ता."

"कशाला?" आत्तींनी विचारलं.

"तिलाच सांगते."

आत्तींनी पदर सारखा केला. "मी पण येणार. तिला एकटीला घरात घालून कोण काय बोलायचं न्हाई." त्या माझ्या बाजूनं उभ्या राहिल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते.

हौसाक्कानं आम्हाला मागच्या खोलीत नेलं. खिडकी बंद होती. तिथं पाट नव्हता, ज्योत नव्हती, काम नव्हतं. जमिनीवर अंथरूण होतं आणि त्यावर विलास पडला होता. आग्र्याला असलेला विलास. गालांची हाडं वर आलेली, पाय काटक्या झालेले.

"दिवाळीच्या आदी आलाय," हौसाक्का म्हणाली. "रिपोर्ट तिकडंच झालता. दवाखान्यात जात न्हाई. म्हणतो, मारुतीदादा गेला तसंच जायचं हाय, कशाला गाव गोळा करा."

आत्तींनी दाराची चौकट धरली. "मारुतीचं ठाव हुतं तुला?"

"दोघं एकाच खोलीवर ऱ्हायचे की, वैनी. ह्यानं मला तवाच सांगितलं हुतं."

म्हणजे चार वर्षं तिला माहीत होतं आणि चार वर्षं ती गल्लीत एक शब्द बोलली नव्हती.

"तुझं काय ते मला ठाव न्हवतं," ती मला म्हणाली. "पर वाटायचं. मारुती गेला आणि तू मातर जगलीस. कशानं जगलीस ते विचारू कसं? विलास आल्यापास्नं रोज दोनदा येऊन तुला बघून जात हुते. तू हिंडती-फिरती दिसलीस की वाटायचं, माझा पोरगाबी वाचंल. मग त्या दिशी तू उठंनास. मी घरात येऊन भाकरी केली न्हाई त्या दिशी. आणि मग तू वट्यावर येऊन बसलीस."

मी ज्या नजरेला इतकी घाबरत होते ती ह्यासाठी होती, हे कळल्यावर मला तिथं उभं राहायची लाज वाटली.

"तीन दिस ह्याच्याशी भांडतीय," ती डोळे पुसत म्हणाली. "तूच सांग त्याला."

विलासनं मान वळवली. "वहिनी, चार वर्षं गोळ्या घेताय?"

"मधले नऊ दिवस सोडून. ते नऊ दिवस नुसता मूर्खपणा."

"पाय गेले होते म्हणते आई."

"गेले न्हवते. त्यांना ऊन न्हवतं. तुझ्या पायाचं काय हाय ते डाक्टर बघतील. इथं पडून कळणार न्हाई."

"आता काय उपयोग."

"ते तू ठरवायचं न्हाईस. मीबी तसंच ठरवलं हुतं. ऊठ."

"मला उठवत नाही, वहिनी."

मी त्याच्या शेजारी उकिडवी बसले. त्याचा हात माझ्या मानेमागून घेतला, त्याच्या कमरेला धरलं. हौसाक्का घाबरून पुढं आली. "अगं तुझी हाडं. तुला झेपंल का?"

"झेपंल."

मी पाय रोवले आणि जोर केला. भिंत धरायला हात मोकळा नव्हताच. विलासचं सगळं वजन माझ्यावर आलं, गुडघे थरथरले आणि आम्ही दोघं उभे राहिलो.

"मागच्या दारानं नेऊया," हौसाक्का कुजबुजली. "पुढं समद्या बायका जमल्या असतील. लोकं बघतील."

आत्ती तोवर पुढच्या दाराशी पोचल्या होत्या. कडी घट्ट बसली होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी ओढली आणि रस्त्याकडचं दार सताड उघडलं.

"बघू देत," त्या म्हणाल्या. "तू आण त्याला. मी कोल्हापूरची गाडी थांबवते."